ऑडिओ वॉक ऐकत एकटीने मुंबईचा जुना भाग पाहता येईल का?

आपण विचारले आहे की नागपूरहून चार दिवसांसाठी मुंबईला येत असताना, गाइड न घेता, मोबाईलवरचे ध्वनिमुद्रित वर्णन ऐकत एकटीने शहराचा एखादा जुना भाग नीट पाहून होतो का, आणि होत असेल तर सुरुवात कुठून करावी. नक्की होतो. सुरुवात मात्र फोर्टमधून, म्हणजे जुन्या मुंबईकरांच्या बोलण्यातल्या कोटातून करावी, असा माझा आग्रह राहील. गेल्या काही वर्षांत अशा बऱ्याच सफरी मी केल्या, त्यांतल्या काही फसल्या, आणि शेवटी आईसाठी मी स्वतःच मराठीत एक तयार केली. त्या अनुभवाच्या आधारे लिहितो आहे.

फोर्टच का, ते आधी सांगतो. जे समोर उभे आहे ते डोळ्यांना दिसतेच. सीएसएमटीची इमारत सुंदर आहे हे कानात कोणी सांगण्याची गरज पडत नाही. कानातल्या आवाजाचा खरा उपयोग होतो तो जे आता तिथे राहिलेले नाही ते उभे करण्यासाठी, आणि फोर्ट हा भाग तर नावापासूनच तसा आहे. नाव किल्ल्याचे, पण किल्ला नाही. इंग्रजांच्या या तटबंदीला अपोलो गेट, चर्च गेट आणि बझार गेट असे तीन मुख्य दरवाजे होते आणि तटाबाहेर खंदक होता. १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत हा तट पाडला गेला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता, त्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि शहरात पैसा खेळत होता. तट गेल्यावर मोकळ्या झालेल्या जागेवर पुढच्या काही दशकांत आज आपण ज्या पाहायला येतो त्यांतल्या कित्येक इमारती उभ्या राहिल्या. तटाचा एक तुकडा सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात अजून शिल्लक आहे. बाकीचा किल्ला रस्त्यांच्या आणि स्थानकांच्या नावांत राहतो.

चर्चगेटचेच पाहा. रोज लाखो माणसे या स्थानकाचे नाव घेतात, पण ज्या दरवाजावरून ते पडले तो स्थानकाजवळ नव्हताच. स्थानकातून बाहेर पडून वीर नरिमन रस्त्याने पूर्वेला दहाएक मिनिटे चालत गेले की फ्लोरा फाउंटन लागते. १८६४ मधले हे कारंजे जिथे आहे, त्या जागी तो दरवाजा होता. तिथून आत शिरणारा रस्ता सेंट थॉमस कॅथेड्रलकडे, म्हणजे १७१८ मध्ये उघडलेल्या चर्चकडे जात असे, म्हणून ते चर्च गेट. मी पहिल्यांदा ही गोष्ट कारंज्याच्या कडेला उभा राहून ऐकली, तेव्हा नकळत मागे वळून स्थानकाच्या दिशेने पाहिले आणि मधल्या सगळ्या इमारती वगळून तिथे मैदान आणि पलीकडे समुद्र कसा दिसत असेल याचा अंदाज घेत राहिलो. ध्वनिमुद्रण संपले होते, तरी पाच-सात मिनिटे मी तिथून हललो नाही. चांगली सफर म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळले.

वाईट कशी असते, हेही त्याच जागी कळले. दुसऱ्या एका तयार इंग्रजी सफरीत फ्लोरा या रोमन पुष्पदेवतेबद्दल, कारंज्याच्या पोर्टलंड दगडाबद्दल आणि त्याच्या नक्षीबद्दल तब्बल चार मिनिटे माहिती होती, आणि शेजारच्या हुतात्मा स्मारकाबद्दल एक वाक्य. मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार तिथे का उभे आहेत, २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच परिसरात संयुक्त महाराष्ट्राची मागणी करणाऱ्या मोर्चावर गोळीबार झाला, या लढ्यात शंभराहून अधिक माणसे गेली आणि त्यानंतर १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला, यातले काहीही नव्हते. ती सफर परदेशी पाहुण्यांना डोळ्यांपुढे ठेवून केलेली होती, हे मला समजते. पण मराठी माणसाने त्या चौकात उभे राहून फक्त दगडाची जात ऐकावी, हे मला फार लागले. म्हणून आपल्याला माझी पहिली विनंती ही की, तयार सफर घेतलीत तर ती कोणी आणि कोणासाठी केली आहे ते आधी पाहा. काही ॲपमध्ये पहिला थांबा विनामूल्य ऐकता येतो. तेवढ्यावरून बोलणाऱ्याला जागेची ओढ आहे की तो पाठ म्हणतो आहे, ते लगेच समजते.

या सफरी साधारण दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात जीपीएसवरून आपण कुठे आहोत हे फोन ओळखतो आणि ठरलेल्या वर्तुळात पाऊल पडले की आवाज आपोआप सुरू होतो. दुसऱ्यात थांब्यांना क्रमांक असतात आणि आपण स्वतः बटण दाबतो. पहिला प्रकार ऐकायला आकर्षक वाटतो आणि हॉर्निमन सर्कलसारख्या मोकळ्या जागी उत्तम चालतोही, पण फोर्टच्या आतल्या अरुंद गल्ल्यांत तो घोटाळे करतो. दोन्ही बाजूंच्या उंच भिंतींवर आपटून उपग्रहाचे संकेत वेड्यावाकड्या वाटेने फोनपर्यंत येतात, त्यामुळे नकाशावरचा निळा ठिपका एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत उडी मारतो. बोरा बाजारात मी एकदा भर गर्दीत उभा असताना कानात कॅथेड्रलच्या दरवाजाचे वर्णन सुरू झाले होते. यावर उपाय असा की सफर आधी घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवावी, आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी आणि थांबे हाताने लावावेत. शिवाय ध्वनिमुद्रण जुने असेल तर रस्ता ओलांडण्याच्या सूचनांवर मुळीच विसंबू नये. भुयारी मेट्रोच्या कामासाठी हा सगळा परिसर कित्येक वर्षे खणलेला आणि पत्र्यांनी वेढलेला होता. २०२५ मध्ये हुतात्मा चौक स्थानक सुरू झाले आणि पादचाऱ्यांच्या वाटा पुन्हा बदलल्या. पत्र्यांच्या काळात बोललेला आवाज आपल्याला आजही पत्रे चुकवायला सांगेल.

आता आईसाठी केलेल्या सफरीबद्दल लिहितो, कारण आपल्यालाही ते सहज जमण्यासारखे आहे. आईला इंग्रजी समजते, पण एकीकडे चालत दुसरीकडे ऐकणे तिला जड जात होते. तेव्हा मी नऊ थांबे ठरवले, प्रत्येकावर एक पान लिहिले, पंखा बंद करून ते फोनवर वाचून रेकॉर्ड केले, फाइलींना ०१, ०२ अशी नावे दिली आणि तिच्या फोनमध्ये टाकल्या. खर्च काहीही आला नाही, कष्ट मात्र लिहिण्याला पडले. पहिला खर्डा मी तारखांनी भरून टाकला होता. मोठ्याने वाचून पाहिल्यावर लक्षात आले की कानाला एका वेळी एकच तारीख पेलते. दुसरी गोष्ट म्हणजे, माहिती सांगण्याआधी ऐकणाऱ्याला उभे करावे लागते: पाठ कारंज्याकडे करा, समोरच्या कमानींच्या वर पाहा, डावीकडचा लाल दगड पाहा. हे नसेल तर माणूस वर्णन ऐकत फोनच्या पडद्याकडेच बघत राहतो. मजकुरासाठी मला सर्वांत उपयोगी पडले ते गोविंद नारायण माडगावकर यांचे १८६३ मधले मुंबईचे मराठी वर्णन. तट पाडण्याच्याच काळातले ते पुस्तक असल्यामुळे किल्ल्याबद्दल त्यातली भाषा ऐकीव नाही, पाहिलेली आहे.

आई आणि मी एका रविवारी सकाळी सातला निघालो. हुतात्मा स्मारकापाशी तिने फाइल लावली, अर्धी ऐकली आणि इयरफोन काढून हातात धरला. मला वाटले आवाज येत नसेल. पण तिचे वडील तेव्हा परळच्या गिरणीत होते आणि त्या दिवसांत ते रात्री उशिरा घरी येत तोवर आजी दारात बसून राहत असे, हे ती मला त्या चौकात उभी राहून पहिल्यांदा सांगत होती. इतक्या वर्षांत घरी हा विषय कधी निघाला नव्हता. उरलेली फाइल आम्ही ऐकलीच नाही. पुढच्या थांब्याची घाई नव्हती आणि वाट पाहणारा गट नव्हता, म्हणूनच तिला तेवढे बोलता आले; गाइडबरोबरच्या पंधरा जणांच्या गटात ती बोलली नसती, असे मला वाटते.

तिथून वीर नरिमन रस्त्याने कॅथेड्रलवरून हॉर्निमन सर्कलमध्ये यावे. हा गोल बांधला जाण्यापूर्वी इथे उघडे मैदान होते, बॉम्बे ग्रीन, आणि त्यावर कापसाच्या गासड्यांचे ढीग रचलेले असत. गोलाला पूर्वी एल्फिन्स्टनचे नाव होते. ते बदलून दिले गेले बी. जी. हॉर्निमन या इंग्रज संपादकाचे, ज्याला १९१९ मध्ये सरकारने हिंदुस्थानातून हद्दपार केले. लाल रंगाची इमारत मुंबई समाचारची आहे, आणि हे गुजराती वृत्तपत्र १८२२ पासून निघते आहे. शेअरदलाल आधी याच परिसरात वडाच्या झाडांखाली जमत आणि १८७५ मध्ये त्यांनी आपली संघटना केली. इथे बागेत बाकावर बसूनच ऐकावे.

माणूस-गाइडची उणीव कुठे भासते, तेही सांगितले पाहिजे. कानातल्या आवाजाला प्रश्न विचारता येत नाही. टॅमरिंड लेनमध्ये मी चिंचेचे झाड नेमके कुठे होते ते शोधत होतो, आणि ध्वनिमुद्रणात फक्त गल्लीच्या नावाचा अर्थ सांगितला होता. शेवटी स्टेशनरीच्या दुकानातल्या एका वृद्ध गुजराती गृहस्थांना विचारले. ते गल्ल्याच्या मागून उठून बाहेर आले, चर्चच्या दिशेने हात केला आणि म्हणाले, आमली इथे नव्हती, तिकडे होती. आमचे जुने लोक त्या सगळ्या भागालाच आमलीआगळ म्हणायचे, म्हणजे चिंचेपुढचा भाग. कानात इयरफोन असता तर मी त्यांना विचारले नसते आणि त्यांनीही मला हटकले नसते. म्हणून मी आता चालताना काहीही ऐकत नाही. थांब्यावर उभे राहून ऐकायचे, मग इयरफोन काढून खिशात ठेवायचा आणि पुढच्या थांब्यापर्यंत मोकळ्या कानांनी चालायचे. रहदारीच्या आणि एकटीने फिरण्याच्या दृष्टीनेही हेच सुरक्षित आहे. फोन हातात धरून चौकात उभे राहण्यापेक्षा पुढची वाट आधीच्या थांब्यावरच, भिंतीच्या आडोशाला, नकाशात पाहून घ्यावी.

एका दिवसात दोन भाग करू नयेत. फोर्टमधली ही वाट सीएसएमटीपासून टाउन हॉलपर्यंत दोन किलोमीटरच्या आतबाहेर आहे, पण थांबत थांबत अडीच तास लागतात. रविवारी सकाळी निघावे, कारण कचेऱ्या बंद असल्यामुळे गल्ल्या शांत असतात. मात्र इमारतींच्या आत जायचे असेल तर कामाचा दिवस निवडून वेळा आधी पाहून घ्याव्यात. ऊन किंवा पाऊस असेल तर दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखालून चालावे; तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी सलग कमानी सोडण्याचे बंधन १८९६ च्या सरकारी नियमाने तिथल्या इमारतींवर घातले होते, त्याचा लाभ आपल्याला आजही मिळतो.

शेवटचा थांबा टाउन हॉलचा, म्हणजे १८३३ मध्ये पूर्ण झालेल्या आणि आता एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय असलेल्या इमारतीचा ठेवा. आत नाना शंकरशेट यांचा संगमरवरी पुतळा आहे, तो उघड्या वेळेत अवश्य पाहा. बंद असेल तर बाहेरच्या तीस पायऱ्यांपैकी वरच्या एखाद्या पायरीवर, खांबांच्या सावलीत बसा. हॉर्निमन सर्कलची झाडे तिथून समोर दिसतात, आणि त्यांच्या पलीकडे, आपण आलो त्या रस्त्याच्या टोकाला तो दरवाजा होता.