काळ्या कोटाखाली साडीच हवी का?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका तालुका न्यायालयात दोन वर्षांपासून वकिली करते. पांढरा सलवार-कुडता, काळा कोट आणि गळ्याशी वकिलाचा पांढरा बँड असा माझा पोशाख असतो. ज्या ज्येष्ठ वकिलांकडे मी काम शिकते, त्यांच्या मते साडी नेसल्याशिवाय स्त्री-वकिलाला वजन येत नाही. गेल्या महिन्यात मी प्रथमच एका साक्षीदाराचा उलटतपास घेतला. बाहेर आल्यावर त्यांनी तपासाविषयी चकार शब्द काढला नाही, केस मोकळे होते एवढेच सुनावले. मी साडी नेसू लागावे का?

उत्तर : आधी नियम पाहू, कारण बार रूममध्ये, म्हणजे न्यायालयातील वकिलांच्या खोलीत, ज्याला नियम म्हणतात तो पुष्कळदा सांगणाऱ्याची आवड असते. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ४९ खाली बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेने केलेल्या नियमांत स्त्री-वकिलांना साडीबरोबरच पांढरा किंवा काळा सलवार-कुडता, तोही दुपट्ट्यासह वा दुपट्ट्याविना, स्पष्टपणे दिलेला आहे. उलट साडी नेसायची तर ती पांढरी, काळी किंवा फिक्या, सौम्य रंगाची आणि बिनछापाची असावी, असे बंधन आहे. ज्या नक्षीदार साडीचे कौतुक होते, ती काटेकोरपणे पाहता नियमात बसतेच असे नाही. तेव्हा तुमच्या पोशाखात दोष नाही.

केसांची गोष्ट निराळी. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयात एक सूचना लागली होती : स्त्री-वकील भर न्यायालयात केस नीट करतात, त्यामुळे कामकाजात व्यत्यय येतो, त्यांनी तसे करू नये. गदारोळ झाल्यावर ती मागे घेण्यात आली. युक्तिवाद चालू असताना कोट झटकणारे, बँड सारखे करणारे, कानात काडी घालणारे पुरुष-वकील मी तीस वर्षे पाहते आहे. त्यांच्यासाठी सूचना लागलेली मात्र पाहिली नाही. विटलेल्या कोटाचा, उसवलेल्या बाहीचा ज्युनिअर ‘कष्टाळू पोरगा’ ठरतो आणि त्याच अवस्थेतली मुलगी गबाळी ठरते, हे तुम्हीही पाहिले असेल.

मी स्वतः साडीच नेसत आले, ती आवडते म्हणून. तरीही पहिली कित्येक वर्षे, गळ्यात बँड असतानाही पक्षकार मला विचारत, ‘ताई, वकीलसाहेब कधी येतील?’ साडीने मिळणारे वजन मला तरी फारसे अनुभवास आले नाही. पक्षकारांचे विचारणे थांबले ते चार-दोन निकाल हाती आल्यावर. म्हणून आवड असेल तर जरूर नेसा, पण या सांगण्यावरून नको. केस बांधायचे तर फाइल चाळताना डोळ्यांवर येतात म्हणून बांधा.

सीनियरांशी वाद घालू नका, त्यांना कामावर आणा. ‘सर, केसांचे लक्षात ठेवते, पण माझ्या कोणत्या प्रश्नावर साक्षीदार निसटला, आणि तो कसा विचारायला हवा होता?’ असे तपासाचे टिपण समोर ठेवून विचारा. ज्यांना शिकवायचे आहे ते त्या कागदावर पेन्सिल चालवतील. पुढच्या दोन-तीन महिन्यांत दुसरा उलटतपास तुमच्या हाती येतो की केवळ तारखा घेण्याचे काम, हेही पाहा. तारखाच येत राहिल्या, तर दुसऱ्या कार्यालयात विचारणा करायला हरकत नाही. तालुक्यापेक्षा जिल्ह्याच्या ठिकाणी त्याला वाव अधिक असतो.