कळा याव्यात म्हणून अननस?

अडतिसावा आठवडा लागलेली एक जण आली, तेव्हा तिला धड बोलताही येत नव्हतं. सकाळ-संध्याकाळ अननस खाऊन जीभ सोलवटलेली. कळा आल्या नव्हत्या, तोंड मात्र आलं होतं आणि वर पित्तही.

अननसातलं ब्रोमेलेन हे द्रव्य प्रथिनं तोडतं, म्हणून जीभ चुरचुरते. कळाही त्यानेच येतात, असा समज आहे. पण ते जास्त असतं देठाच्या भागात, गरात कमी, आणि जे पोटात जातं त्यातलं बरंचसं पचून जातं. अननस खाल्ल्याने बाईला कळा सुरू होतात, याला भरवशाचा पुरावा नाही. गंमत म्हणजे हीच बाई सातव्या महिन्यात पिकल्या पपईची एक फोड खाल्ली म्हणून अजून धास्तावलेली होती. पपईचा धोका कच्च्या फळातल्या चिकात आहे. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगात त्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावलं, पिकल्या पपईच्या रसाने नाही. कच्ची किंवा अर्धी कच्ची टाळावी, एवढंच.

"मग खजूर?" तिने विचारलं.

हा प्रश्न जरा वजनदार. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या जॉर्डनमधल्या अभ्यासात 69 जणींनी अपेक्षित तारखेआधीचे चार आठवडे रोज सहा खजूर खाल्ले, 45 जणींनी खाल्ले नाहीत. दाखल होताना खजूर खाणाऱ्यांच्या गर्भपिशवीचं तोंड सरासरी साडेतीन सेंटिमीटर उघडलेलं होतं, इतरांचं दोन. कळा आपोआप सुरू होण्याचं प्रमाणही जास्त, 96 टक्के विरुद्ध 79. मात्र हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते आणि अभ्यास छोटा होता. खजुराने मदत होत असेलही, पण आज खाल्ला आणि उद्या कळा, असं त्यातून निघत नाही.

तिची फाइल चाळली, तर गरोदरपणातला मधुमेह! मोठ्या मेडजूल जातीच्या सहा खजुरांत शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नको, असं मी स्पष्ट सांगितलं.

एवढी घाई कशाची, हे विचारल्यावर खरं बाहेर आलं. तारीख उलटल्यावर बहिणीला कळांचं इंजेक्शन द्यावं लागलं होतं. आपलंही तसंच होणार, हे तिने धरूनच ठेवलं होतं. तारीख हा अंदाज असतो, नेमक्या त्या दिवशी शंभरात जेमतेम पाचेक बाळं जन्मतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या मते फळांपेक्षा हे आधी सांगायला हवं. मधुमेह असल्यामुळे तिच्या बाबतीत किती थांबायचं, हे डॉक्टर ठरवणार होते. तो प्रश्न आम्ही तिथेच कागदावर लिहिला.

त्याखाली मी आणखी एक ओळ लिहायला लावली: बाळाची हालचाल मंदावली, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं, तर काही खाऊन बघत बसायचं नाही, तडक दवाखान्यात जायचं.