तांड्यावरच्या शाळेत रुजू होण्याआधी

सप्रेम नमस्कार,

शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून तुला बीड जिल्ह्यातली बंजारा तांड्यावरची द्विशिक्षकी शाळा मिळाली, अभिनंदन. मुलांशी नातं कसं जोडायचं, असं तू विचारलंस. त्याआधी एक गोष्ट तपासून बघ : आपण मुलांना आवडावं, ही तुझी ओढ किती मोठी आहे? थोडी असणारच, पण तिच्यावर वर्ग चालवू नकोस. आवडावं म्हणून चॉकलेटं वाटली की ज्यांना मिळाली नाहीत ती रुसतात, मिळालेली उद्याची वाट बघतात आणि पहिल्यांदा रागवायची वेळ आली की सगळी म्हणतात, मॅडम बदलल्या. उद्या मॅडम कशा वागतील याचा मुलांना अंदाज यायला हवा. त्यावरच विश्वास बसतो.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांची नावं पाठ कर. हजेरीपटावरचं नाव आणि घरात हाक मारायचं नाव वेगळं असतं. दोन्ही विचार, आणि कोणत्या नावाने बोलावलेलं चालेल तेही विचार. टोपणनाव चिडवायचं असेल तर तुझ्या तोंडी ते येता कामा नये. घरी मुलं गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. आईला ‘याडी’ म्हणतात, भाकरीला ‘बाटी’. पहिलीचं मूल ‘बाटी’ म्हणालं की ‘भाकरी म्हण’ असं लगेच टोकू नकोस. आधी त्याचा शब्द फळ्यावर लिही, शेजारी मराठी. टोकलेलं मूल महिनाभर तोंड उघडत नाही, आणि आपण शेरा लिहितो, ‘अबोल आहे’.

एक वही कर, प्रत्येक मुलाला एक पान. दुपारी खिचडीनंतर रोज तीन मुलांशी दोन-दोन मिनिटं बोल, अभ्यास सोडून. पट 27 चा असेल तर नऊ दिवसांत फेरी पूर्ण होते. पानावर फक्त उपयोगाचं लिही : घरी कोण असतं, पाणी कोण भरतं, कोणाची भीती वाटते. नावापुढे खूण करायला विसरू नकोस, कारण खुणा नसल्या की आपण त्याच चार चुणचुणीत मुलांशी बोलत राहतो. खडू आणायला, घंटा वाजवायलाही तीच जातात. ही कामं हजेरीच्या क्रमाने फिरव.

घरी जायचं तर संध्याकाळी, आई रानातून आल्यावर. वीस मिनिटं पुरेत. पहिल्या भेटीत तक्रार अजिबात नको; मुलाला जमलेली एक नेमकी गोष्ट सांग, ‘हुशार आहे’ असं मोघम नको. चहा दिला तर घे. नाकारलेल्या चहाचा अर्थ तांड्यावर काय लावला जातो, हे वेगळं सांगायला नको.

खरी परीक्षा दसरा-दिवाळीच्या आसपास. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली कुटुंबं साखर कारखान्याकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. कोण जाणार हे सप्टेंबरमध्येच विचारून ठेव. आजी-आजोबा गावात असतील किंवा हंगामी वसतिगृह सुरू होणार असेल, तर मुलाला मागे ठेवण्याबद्दल पालकांशी तेव्हाच बोल. बैलगाडी जुंपल्यावर कोणी ऐकत नाही. मूल जाणारच असेल तर पुस्तक, दोन वह्या आणि तुझा नंबर सोबत दे. कोणत्या कारखान्यावर, कोणत्या मुकादमाकडे, हे लिहून घे, म्हणजे तिथल्या जवळच्या शाळेला कळवता येतं. पंधरा दिवसांतून एकदा फोन कर आणि अभ्यास विचारण्याआधी वर्गातली बातमी सांग. परत आल्यावर ‘इतके दिवस कुठे होतास?’ हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारू नकोस; कुठे होता हे तुला माहीत असतं. जागा तीच दे, आणि पहिल्या दिवशी त्याला येतंच असं काम दे. वाचन मागे पडलेलं असतं, ते दुसऱ्या आठवड्यात बघ.

शिक्षेबद्दल थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 ने मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलंय. कोंबडा करणं, वर्गासमोर आईबापाचा उद्धार, हेही त्यातच आलं. पालक स्वतः ‘हाणा दोन’ म्हणतील. हसून विषय बदल. भांडण झालं तर दोघांना वेगवेगळं ऐक, निकाल दुपारनंतर दे. तापलेल्या डोक्याचा निकाल बहुधा बदलावा लागतो, आणि तसं दोनदा झालं की तुझ्या शब्दाला वजन राहत नाही.

मुलांचे फोटो स्टेटसला ठेवू नकोस, फाटक्या कपड्यातले तर नाहीच.

आणि विश्वास बसला की एखादं मूल कधीतरी जड गोष्ट सांगेल. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन आधीच देऊ नकोस. लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी 2012 च्या पॉक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांना सांगितलं म्हणून तुझी जबाबदारी संपत नाही. खोदून प्रश्न विचारू नकोस, मूल जे शब्द वापरेल तेच तारखेसह लिहून ठेव. चाइल्डलाइनचा 1098 हा नंबर वर्गात मुलांच्या उंचीला लाव, ऑफिसात नको.