ऑर्केस्ट्राचं पार्श्वसंगीत मला नुसता गोंगाट वाटतं. माझा कान कच्चा आहे का?

कच्चा कशाने? नाही आवडत तर नाही. पितळी वाद्यांचा सततचा दणदणाट मलाही दहा मिनिटांत नकोसा होतो. पण एकदा हेडफोन लावून 'सायको' (१९६०) हा भयपट बघा. संगीतकार बर्नार्ड हरमननं त्यात फक्त तंतुवाद्यं वापरली. ना ढोल, ना तुतारी. न्हाणीघरातल्या खुनाला संगीतच नको, असं दिग्दर्शक हिचकॉकचं आधी म्हणणं होतं! तोच प्रसंग आवाज बंद करून बघा. सुरी दिसते, पण अंगावर काटा येत नाही. व्हायोलिनच्या त्या किंकाळ्या ओळखीच्या झाल्या की मग खालच्या सुरातले चेलो (व्हायोलिनचे थोरले भाऊ) ऐका, मला तेच जास्त भयंकर वाटतात. एवढं करूनही कंटाळा आला तर खुशाल लावणी लावा. स्वयंपाक करताना मी तेच करते.