‘माना वाहिने’ आणि आपली वहिनी

प्रश्न असा आला आहे: माओरी स्त्री-कलावंतांवरचा लेख मराठीत आणताना ‘माना वाहिने’ला ‘स्त्रीशक्ती’ म्हटलं तर चालेल का? आणि ‘वाहिने’चं आपल्या ‘वहिनी’शी काही नातं?

नात्याचं आधी उरकतो: काही नाही. न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या माओरी भाषेत वाहिने म्हणजे स्त्री. सामोआत तिलाच ‘फाफिने’ म्हणतात, टोंगात ‘फेफिने’. मूळ शब्दात दोन फ होते, माओरीत त्यांचे व आणि ह झाले. (एकवचनात पहिला स्वर ऱ्हस्व, अनेकवचनात दीर्घ, पण ऱ्हस्व ‘आ’ लिहायची आपल्याकडे सोयच नाही.)

‘स्त्रीशक्ती’ मात्र मी टाळीन. तो शब्द ऐकला की नवरात्र आठवतं, नाहीतर बचतगटाचा फलक. माना म्हणजे माणसाची प्रतिष्ठा आणि अधिकार. ते वाडवडिलांकडून येतं, लोकही देतात, वागणुकीनं वाढतं किंवा घटतं. आणि त्याचं जमिनीशी घट्ट नातं असतं. १८९३ साली मेरी ते ताई मांगाकाहिया यांनी माओरींच्या स्वतःच्या संसदेपुढे बायकांसाठी मताचा आणि तिथे बसण्याचा हक्क मागितला, तेव्हा त्यांचा एक मुद्दा हाच होता: आमच्यातल्या कितीतरी जणी जमिनींच्या मालकिणी आहेत.

जमिनीला माओरीत ‘फेनुआ’ म्हणतात, आणि बाळाच्या वारेलाही फेनुआच. वार पूर्वजांच्या जमिनीत पुरायची रीत आहे. ‘इथे माझी नाळ पुरलीय’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं समजावायला नको. २०२४ मध्ये व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात ‘माता आहो’ या चार माओरी स्त्रियांच्या गटाला सुवर्णसिंह हा पुरस्कार मिळाला, त्या कलाकृतीचं नाव ‘ताकापाउ’: विधींच्या वेळी, विशेषतः बाळंतपणात अंथरायची बारीक विणीची चटई. यांनी ती विणली ट्रकवरचा माल आवळायच्या पट्ट्यांची, आणि अंथरली नाही, छतासारखी डोक्यावर ताणली. खाली उभं राहून मान वर करायची.

म्हणून मला ‘मान’ जवळचा वाटतो. पालखीचा मान, मानकरी यांतला. ध्वनिसाम्य निव्वळ योगायोगाचं. उणीव एवढीच, की आपला मान बहुतेकदा घरातल्या पुरुषाकडे जातो. ‘स्त्रीवाद’ही पुरत नाही, कारण त्यात वसाहतवादानं हिरावलेली जमीन आपोआप येत नाही.

तेव्हा लेखात ‘माना वाहिने’ तसंच ठेवा, पहिल्या वेळी ‘बाईचा मान’ अशी फोड द्या. ‘महिलांचा सन्मान’ तेवढं नको, त्याला शाल-श्रीफळाचा वास येतो.