चित्र पाहून केलेलं चेंबर म्युझिक ऐकायची सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलं की मॉडर्न पेंटिंगवरून केलेलं चेंबर म्युझिक (मोजक्याच वादकांचं पाश्चात्त्य संगीत) ऐकताना चित्र काही दिसत नाही, मंग ऐकायचं कसं? मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो, आमचं भजनी मंडळ आहे, हे सगळं मी मोबाईलवरच ऐकलं. माझ्या मते चित्र शोधूच नका. या लोकांनी चित्रातली वस्तू घेतली नाही, चित्रापुढे माणूस किती वेळ अन् कसा थांबते ते घेतलं.

सुरुवात अमेरिकन संगीतकार मॉर्टन फेल्डमनच्या 'रॉथको चॅपेल'पासून करा. १९७१ चा पीस, साधारण पंचवीस मिनिटांचा. त्यात कोरस आहे म्हणून काटेकोर चेंबर म्हणता येणार नाही, पण व्हायोला (व्हायोलिनपेक्षा जरा मोठं), चेलेस्टा (घंटीसारखा वाजणारा छोटा पियानो) अन् तालवाद्यं एवढंच बाकी. रॉथको चॅपेल म्हणजे अमेरिकेत ह्यूस्टनला असलेलं आठ कोनांचं प्रार्थनाघर, आत चित्रकार मार्क रॉथकोची १४ मोठी चित्रं, जवळजवळ काळी. रॉथको फेल्डमनचा दोस्त होता, १९७० मध्ये गेला.

मी ते पहिल्यांदा जागलीला ऐकलं. डिसेंबर होता, रानडुकरं तुरीत शिरत होती म्हणून मी अन् बाबा मचाणावर बसलो होतो. टॉर्च बंद केला की आधी नुसता काळोख, मंग दहा-पंधरा मिनिटांनी धुरा दिसते, मंग तुरीची कड, मंग वेचायचा राहिलेला कापूस एकेक बोंड करून पांढरा दिसायला लागते. अंधार तोच असते, डोळे बसतात. कानात टिंपनी (नगाऱ्यासारखं वाद्य) अगदी हळू, मंग व्हायोला, मंग शब्दच नसलेले आवाज, अन् मला तेव्हा कळलं की त्या काळ्या चित्रांपुढेही असंच होत असेल. एक इयरफोन बाबांना दिला. ते आयुष्यभर खंजिरी वाजवत आलेले. शेवटी व्हायब्राफोनवर (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) चारच सूर फिरत राहतात अन् त्यावर व्हायोला एक साधी चाल वाजवते, ती चाल फेल्डमननं पंधराव्या वर्षी लिहिली होती. बाबा म्हणे, "हे तं पाळण्यापाशी बसून म्हटल्यासारखं आहे बाप्पा, पुन्हा लाव."

मंग फेल्डमनचाच 'डी कूनिंग' ऐका, चित्रकार विलेम डी कूनिंगच्या नावाचा, १९६३ चा, पाचच वादक. त्यात बराच वेळ एकाचा सूर विरायला लागला की दुसऱ्यानं उचलायचा. भजनात मागून झील धरणाऱ्याला हे सांगायची गरज नाही, पुढच्याचा श्वास कुठं संपते ते त्याला ऐकूच येते.

वेग पाहिजे असंल तर इंग्रज संगीतकार हॅरिसन बर्टविसलचा 'कार्मेन आर्काडिए मेकानिके पर्पेटुअम', १९७७ चा, चौदा वादकांचा. चित्रकार पॉल क्लेला केलेला तो नमस्कार आहे. सोबत क्लेचं १९२२ चं 'ट्विटरिंग मशीन' पाहा: तारेवर चार पाखरं अन् बाजूला फिरवायचं हँडल. हँडल मारून डिझेल इंजिन सुरू करणाऱ्याला ती लय लगेच पटते, धरते, सुटते, भलत्याच चालीत पुन्हा धरते.

एक गोष्ट मनात आहे ती सांगतो. चित्रकार वासुदेव गायतोंडे नागपुरात जन्मले, १९२४ मध्ये. एका रंगाचा मोठा कॅनव्हास अन् त्यात तरंगल्यासारखे आकार, किती वेळ पाहा, तळ लागत नाही. त्यांच्या एखाद्या चित्रासाठी कोणीतरी सारंगी, जलतरंग अन् एक खंजिरी, एवढ्यावरच पंचवीस मिनिटं लिहावी असं मला फार वाटते. तुम्ही स्वतः वाजवत असाल तर लिहा ना, खंजिरीला बाबा आहेत.