'रू' आणि सहा अक्षरांचा शिक्का एकाच वाटीवर?

फोनवर वाटी विकू पाहणारा विक्रेता तिला चीनच्या सोंग काळातली 'रू', म्हणजे फिकट निळ्या झिलईची दुर्मीळ वाटी, म्हणतोय आणि बुडाला निळ्या रंगात सहा चिनी अक्षरं आहेत, असं तुम्ही लिहिलंय. मग 'रू'चा विषय तिथेच संपला. झिलईखाली कोबाल्टने, म्हणजे निळा रंग देणाऱ्या खनिजाने, राजवटीचं असं नाव लिहायची रीत मिंग काळात रुळली. रू भांडी त्याआधी तीनेकशे वर्षं, हनान प्रांतात बाओफंगजवळ भाजली गेली.

रूच्या निळाईत कोबाल्ट नसतोच. झिलईतलं थोडं लोह आणि भट्टीत मुद्दाम कमी सोडलेली हवा यांचा तो रंग. हवा जास्त शिरली की भांडं हिरवट-पिवळट उतरतं. आतली माती उदबत्तीच्या राखेसारखी करडी. बुडाच्या कडेपर्यंत सगळीकडे झिलई, कारण भांडं बारीक टोकांवर टेकवून भाजायचे. त्या टोकांचे तिळाएवढे तीन किंवा पाच डाग तळाला राहतात. अशी जेमतेम शंभरेक भांडी उरली आहेत. २०१७ साली हाँगकाँगच्या लिलावात १३ सेंमीचं एक पात्र २९.४३ कोटी हाँगकाँग डॉलरला गेलं. ते तुम्हाला फोनवर कोण विकेल?

शिक्का चिनी सम्राट कांगशीचा (१६६२–१७२२) असेल, तर दावा 'त्यान-लान'चा, म्हणजे आभाळी निळ्याचा, हवा. हे जिंगदेझेन या चीनमधल्या पोर्सेलिनच्या गावाचं शुभ्र पोर्सेलिन. झिलईत कोबाल्ट एखादा टक्का किंवा त्याहून कमी. जरा वाढला की फिकटपणा गेलाच. तिथे बांबूच्या नळीला तलम कापड बांधून झिलई फुंकत. भांड्याच्या आकाराप्रमाणे तीन-चार ते सतरा-अठरा वेळा, असं शाही भट्ट्यांचा अधिकारी तांग यिंग याने १७४३ मध्ये नोंदवलंय.

मात्र नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका. कांगशीचं नाव १९व्या शतकाच्या अखेरीस भरपूर लिहिलं गेलं, आजही लिहितात. आधी बुडाची उघडी कड बघा: माती पांढरी, दाट आणि बोटाला गुळगुळीत लागली पाहिजे. तिथे सगळीकडे सारखा तपकिरी रंग दिसला तर तो बहुधा मुद्दाम चोळलेला. खरा मळ ओरखड्यांत आणि खाचांत बसतो. ओठाच्या कडेला झिलई ओघळून पातळ होते, तिथे पांढरी रेघ दिसायला हवी. शिक्का दहापट भिंगाखाली धरा. तो झिलईच्या खाली असला पाहिजे, आणि कुंचल्याच्या फटकाऱ्यात रंग कुठे गडद, कुठे विरळ. छापील शिक्का सगळीकडे एकसारखा भरतो.

पैसे देण्याआधी बूड, ओठ आणि शिक्का यांचे तिरप्या उन्हातले जवळून काढलेले फोटो मागवा आणि इथे टाका. समोरून काढलेल्या फोटोवरून मी तरी काही सांगणार नाही. फिकट निळा रंग कॅमेऱ्यात हवा तसा येतो.